आजीचे मुलगे, ताईचे मुलगे आणि तुमचं बाळ

प्रश्न इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका २७ वर्षांच्या गर्भवतीचा आहे. पंधरावा आठवडा चालू आहे. तिच्या थोरल्या बहिणीचे दोन्ही मुलगे गेले, एक पाचव्या महिन्यात, दुसरा सातव्या. दोघांनाही न थांबणारे जुलाब, तोंडात पांढरा थर, वजन वाढायचं नावच नाही आणि शेवटी न्यूमोनिया. आईची आई ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातली. तिचे तीन मुलगे वर्षाच्या आत गेले, दोन मुली जगल्या. आता सासरी कुजबुज सुरू आहे. कोणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या म्हणतं, कोणी थोरलीचा पायगुण काढतं. हिला विचारायचं आहे की माझ्या बाळाला धोका किती, मुलगी असेल तर काय, आणि आत्ता काय करू. सोबत धाकट्या भाच्याचे केसपेपर आणि रक्ताचा एक रिपोर्ट जोडला आहे.

आधी त्या रिपोर्टबद्दल लिहिते, कारण बरंचसं उत्तर त्यातच आहे. एकूण पांढऱ्या पेशी ७,८००. त्यातल्या लिंफोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा एक प्रकार, ९ टक्के. हे टक्के पाहून 'इन्फेक्शनमुळे दुसऱ्या पेशी वाढल्या असतील' असं वाटतं आणि नजर पुढे सरकते. पण गुणाकार करून बघा. ७,८०० चे ९ टक्के म्हणजे ७०२. पाच-सहा महिन्यांच्या बाळाच्या रक्तात निम्म्याहून जास्त पेशी लिंफोसाइटच असतात आणि त्यांचा आकडा साधारण चार हजारांच्या वर असतो. तो तीन हजारांच्या खाली गेला तर थांबून विचार करायलाच हवा. लॅबच्या कागदावर बाजूला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते, त्यामुळे दीड हजाराचा आकडाही बिनधोक दिसतो. तान्ह्या बाळाला वारंवार न्यूमोनिया होत असेल तर सीबीसी हातात आल्यावर हा एक गुणाकार प्रत्येक डॉक्टरने करावा, असं मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. खर्च शून्य.

दुसरी गोष्ट केसपेपरच्या दुसऱ्या पानावर आहे, डाव्या काखेत गाठ. त्यावर टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली होती आणि घरातल्या सगळ्यांचे छातीचे एक्स-रे काढले होते. कोणालाच टीबी निघाला नाही. बीसीजीची लस आपल्याकडे डाव्या दंडावर देतात. तिच्यातला जंतू जिवंत असतो, फक्त कमजोर केलेला. धडधाकट बाळाला तो काही करत नाही. पण ज्याच्या शरीरात लढायला पेशीच नाहीत, त्याच्या अंगात हाच जंतू दंडावरून काखेत, काखेतून पुढे पसरतो. ही गाठ बीसीजीची असण्याची दाट शक्यता मला दिसते.

दोन्ही मिळून माझा अंदाज सिव्हिअर कंबाइन्ड इम्युनोडेफिशियन्सीचा आहे, जिला आम्ही थोडक्यात स्किड म्हणतो. म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसणं. यात टी लिंफोसाइट तयारच होत नाहीत. आईकडून नाळेतून आलेल्या अँटिबॉडीज काही आठवडे थोडं सांभाळून घेतात, पण टी पेशींचं काम त्यांना करता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून बाळ ढासळायला लागतं.

आता घराण्याकडे येऊ. स्किड होण्याला अनेक वेगवेगळी जनुकं कारण असू शकतात. त्यातलं सगळ्यात ओळखीचं आयएल-टू-आर-जी. ते एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्यातला दोष १९९३ मध्ये सापडला. बाईकडे एक्स दोन असतात. एक बिघडलेला असला तरी दुसरा काम उचलतो, ती ठणठणीत राहते आणि आपल्यात असं काही आहे हे तिला आयुष्यभर कळत नाही. तिला आम्ही वाहक म्हणतो. पुरुषाकडे एक्स एकच, तो आईकडून आलेला. तो बिघडलेला असला तर बदली नाही. म्हणून आजार मुलग्यांना होतो आणि पुढे जातो मुलींमधून, आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे.

आपल्या मराठी घरांची एक अडचण इथे आडवी येते. आपल्याकडे कुळवृत्तांत छापतात, वंशावळी पूजेच्या कपाटात जपून ठेवतात. त्या बहुतेक पुरुषांच्या. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच थांबते. गोत्र बापाचं, आडनाव बापाचं. आणि हा आजार नेमका ज्या वाटेने येतो ती आजी-आई-मावशीची वाट कुठल्याच कागदावर नसते. ती फक्त म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत असते, 'माझे तीन गेले गं' एवढ्या एका वाक्यात. तुम्ही तुमच्या आजीचं हे वाक्य विसरला नाहीत आणि मला लिहून कळवलंत, ते फार मोलाचं आहे.

मी स्वतः हे एकदा ऐकलं नव्हतं. प्रॅक्टिसची पहिली वर्षं होती. देवासहून एक बाई चार महिन्यांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. कोपऱ्यात बसलेली त्यांची आई म्हणाली, "हिचा भाऊबी असाच गेला." मला ते दुःखातलं बोलणं वाटलं. मी न्यूमोनियाचं औषध लिहिलं. बाळ वाचलं नाही. दोन वर्षांनी त्याच बाई दुसरा मुलगा घेऊन आल्या तेव्हा मला ते वाक्य आठवलं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर पहिला प्रश्न हाच असतो: बाळाचे मामा किती, त्यातले लहानपणी किती गेले, आणि आईचे मामा?

जुन्या डॉक्टरांनाही आधी घराणंच दिसलं होतं, जनुक फार नंतर. १९३७ मध्ये म्युनिकच्या विस्कॉट यांनी तीन भावांची हकिगत लिहिली. तिघांनाही रक्ताची शौच, एक्झिमा, कानाचे वाहते आजार, आणि बहिणी मात्र धडधाकट. १९५४ मध्ये अमेरिकेत ऑल्ड्रिच यांनी तसंच एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या मांडून दाखवलं की मुलगे जातात आणि वाट बायकांमधून येते. हा त्या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम, स्किडहून वेगळा, पण वाट तीच. त्याचं जनुक हाती लागायला १९९४ उजाडलं. आज अशा जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांची यादी साडेचारशेच्या पुढे गेली आहे.

तुमच्या घराचा हिशोब करू. ताईचे दोन मुलगे गेले आणि आजीचे तीन. दोन्हींमागे आजार एकच असेल तर आजी वाहक, तुमची आई वाहक आणि ताई वाहक. तुमच्या आईच्या दोन एक्सपैकी कुठला तुमच्या वाट्याला आला ते माहीत नाही, म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुम्ही वाहक असाल आणि मुलगा असेल तर त्याला आजार असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. सगळं मिळून, आज पोटातल्या बाळाला हा आजार असण्याची शक्यता ८ मध्ये १. म्हणजे ८ पैकी ७ वेळा बाळ या आजारापासून मोकळं. हा आकडा छोटा आहे असं मी म्हणणार नाही, पण तुमच्या पत्रातला 'आता काही उपयोग नाही' हा सूर त्यातून निघत नाही.

तुमचा भाऊ ३१ वर्षांचा आहे आणि व्यवस्थित आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला चांगला एक्स मिळाला. त्याच्या मुलाबाळांना यातलं काहीच जाणार नाही, त्याच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर हे मोकळेपणाने सांगा. मावशीला दोन मोठे, निरोगी मुलगे आहेत. सुरुवातीला मावशीचीही शक्यता निम्मी होती. पण ती वाहक असती तर दोन्ही मुलगे सुटण्याची शक्यता फक्त ४ मध्ये १. हे जमेस धरलं की ती वाहक असण्याची शक्यता ५ मध्ये १ वर येते आणि तिच्या लेकीची १० मध्ये १. शून्य नाही. वडोदऱ्याला असलेल्या त्या मावसबहिणीला फोन करा. तिचं लग्न झालंय, मूल अजून नाही, म्हणजे तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त वेळ आहे.

आता या सगळ्या हिशोबातली कच्ची वीट दाखवते. स्किडचे काही प्रकार एक्सवरचे नसतात. जॅक-थ्री नावाच्या जनुकातला दोष रक्तात हुबेहूब असाच दिसतो, पण तो आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतो. मग मुलगा-मुलगी दोघांनाही धोका सारखा, दर खेपेला ४ मध्ये १. तसं असेल तर आजीचे मुलगे वेगळ्याच कारणाने गेले असतील. त्या काळी जुलाबाने, देवीने, धनुर्वाताने तान्ही मुलं जातच होती. त्या परिस्थितीत तुमच्या बाळाचा धोका नगण्य होतो, तुमचे यजमान नात्यातले नसतील तर. हे मला कळवा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, गोत्र वेगळं असल्याने कोणाला खटकत नाही. पण तुमच्यातला एखादा ठरावीक बदल आतेभावातही असण्याची शक्यता ८ मध्ये १ असते, परक्या माणसात ती फारच कमी.

म्हणून सुरुवात तुमच्यापासून करायची नाही, ताईपासून करायची. तिच्या रक्तातून आयएल-टू-आर-जी आणि स्किडची इतर जनुकं वाचायची. तिच्यात नेमका बदल सापडला की तुमच्यात फक्त तेवढी एक जागा तपासायची. ते काम लवकर होतं आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ मिळतं. ताईला वगळून थेट तुमची तपासणी केली आणि 'काही सापडलं नाही' असा कागद आला, तर त्याचा अर्थ काय लावायचा हे कोणीच सांगू शकणार नाही. कधी कधी रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो. त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका, तो आधी मला किंवा जनुकतज्ज्ञाला दाखवा.

मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. या आजारांवर तिथे अनेक वर्षं काम चाललंय. जनुकाच्या तपासणीचं रक्त कुरिअरने जातं. पेशी मोजायची फ्लो सायटोमेट्री मात्र ताज्या रक्तावर होते, दोन दिवसांच्या आत. इंदूरहून संध्याकाळची अवंतिका धरली की सकाळी मुंबई सेंट्रल, त्यामुळे आपल्या कुटुंबांना ते जमतं.

ताईचा रिपोर्ट तीन-चार आठवड्यांत हातात आला आणि तुम्ही वाहक निघालात, तर गर्भजल तपासणीची वेळ अजून गेलेली नसेल. ती सोळाव्या ते विसाव्या आठवड्यात करतात. १९९४ चा गर्भलिंग निदानाचा कायदा अशा लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. मुलगा की मुलगी हे तुम्हाला सांगितलं जाणार नाही, विचारूही नका. बाळाला आजार आहे की नाही एवढं सांगितलं जाईल. तपासणी करायची की नाही हे तुमच्या दोघांचं. मी अशी कुटुंबं पाहिली आहेत ज्यांनी केली, आणि अशीही ज्यांनी 'बाळ येऊ दे, आम्ही तयारीत राहू' म्हटलं. दोघांनाही मी सारखीच मदत केली आहे.

तयारीत राहायचं म्हणजे काय ते नीट सांगते, कारण गर्भजल तपासणी केली नाही किंवा उत्तर वेळेत आलं नाही तरी हे करायचंच आहे. बाळ जन्मलं की आपल्याकडे घरी जाण्याआधी बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊन टाकतात. कोणी विचारत नाही, ड्यूटीवरची सिस्टर तिचं कामच करत असते. तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: बीसीजी, पोलिओ थेंब, रोटा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. या तिन्हींत जिवंत जंतू असतात. कावीळ-बीची लस जन्मतः द्यायला हरकत नाही, आणि पुढची पोलिओची इंजेक्शनची लस, पेंटाव्हॅलंट या मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या आहेत, त्या घातक नाहीत. घरात दुसरं लहान मूल असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्यालाही थेंब नकोत, त्याच्या शौचातून तो विषाणू बाहेर पडत असतो. पहिल्या आठवड्यात बाळाचा सीबीसी करून तो गुणाकार करा, आणि लिंफोसाइटच्या टी, बी, एनके या तिन्ही प्रकारांची मोजणी करून घ्या. आकडा बरा दिसला तरी मोजणी चुकवू नका, कधी कधी आईच्याच पेशी बाळाच्या रक्तात शिरून आकडा फुगवतात. रक्त द्यायची वेळ आली तर ते किरणांनी प्रक्रिया केलेलंच हवं. बारसं सव्वा महिन्यानंतर करा, पेढे तेव्हाही गोडच लागतील. दूध मनाने तोडू नका. आईच्या दुधातून सीएमव्ही नावाचा विषाणू जाऊ शकतो, त्यासाठी तुमची एक तपासणी आठव्या महिन्यातच करून ठेवू आणि मग ठरवू.

मुलगी असेल तर? एक्सवरचाच दोष ताईत सिद्ध झाला तर मुलगी निरोगी असेल, तिला सगळ्या लसी वेळेवर द्या. ती वाहक असू शकते, पण ते तिचं तिने मोठेपणी तपासावं. दोष सिद्ध झालेला नसेल, तर मुलीचीही बीसीजी पेशींची मोजणी येईपर्यंत थांबवा.

आणि समजा, बाळाला आजार निघाला. १९७१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला असं एक बाळ जन्मलं, ज्याचा भाऊ आधीच गेला होता. घराणं माहीत असल्याने त्याला जन्मतःच निर्जंतुक प्लास्टिकच्या खोलीत ठेवलं. जुळणारी अस्थिमज्जा मिळाली नाही म्हणून तो मुलगा तिथेच १२ वर्षं राहिला आणि १९८४ मध्ये प्रत्यारोपणानंतर गेला. आज पूर्ण न जुळणाऱ्या, फक्त निम्म्या जुळणाऱ्या आई किंवा वडिलांची अस्थिमज्जाही वापरता येते. साडेतीन महिन्यांच्या आत, इन्फेक्शन होण्याआधी प्रत्यारोपण झालं तर दहातली नऊपेक्षा जास्त बाळं जगतात. तुमचे भाचे दवाखान्यात पोचले तेव्हा इन्फेक्शन होऊन गेलं होतं. तुमचं बाळ त्याआधी पोचेल, हाच घराणं माहीत असल्याचा फायदा. खर्चासाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड आहे. नेमलेल्या केंद्रांत ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक.

ज्यांच्या घरी गोष्ट थोडी वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. मुलगा सहा-आठ महिन्यांनंतर आजारी पडू लागला, कान वाहतोय, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा, आणि घशातले टॉन्सिल दिसतच नाहीत, तर अँटिबॉडीज तपासा. १९५२ मध्ये ब्रूटन यांनी ओळखलेला हा आजार गामा ग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीज, दर तीन-चार आठवड्यांनी देऊन सांभाळता येतो, अशी मुलं शिकून कामाला लागतात. मुलाच्या यकृतात गळू, गाठी पिकणं, आणि आईचं वारंवार तोंड येतंय, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठतायत, तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज आठवा, ज्यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. यात वाहक आईच्या निम्म्या पेशी चांगल्या, निम्म्या बिघडलेल्या असतात आणि डीएचआर नावाच्या रक्ततपासणीच्या आलेखात तिच्या पेशींचे दोन वेगळे डोंगर दिसतात. तिच्या तोंडातल्या त्या फोडांना डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स देत राहतात. बाळाची नाळ महिना झाला तरी पडली नसेल तर त्यासाठीही या.

सासरच्यांना सांगायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. सांगा, आणि यजमानांनी सांगितलं तर जास्त बरं. आपल्या प्रत्येकाच्या जनुकांत काही ना काही बिघडलेलं असतं, तुमच्या सासूबाईंच्याही आणि माझ्याही. पेशीची नक्कल होताना एक अक्षर चुकतं, कुणाच्या वागण्याने किंवा पायगुणाने चुकत नाही. तुमच्या आजीच्या आधी केव्हातरी ते चुकलं. कित्येक घरांत तर ते त्या आजारी बाळापासूनच नव्याने सुरू होतं. १९३५ मध्ये हॉल्डेन यांनी हिशोब मांडला होता की अशा एक्सवरच्या जीवघेण्या आजारात साधारण एक तृतीयांश मुलांत दोष नवाच असतो. नारायण नागबळी करायचा असेल तर करा, माझी काही हरकत नाही, फक्त ताईचं रक्त त्याआधी पाठवा. दोन मुलं गमावून ती वर 'अपशकुनी' हा शब्द ऐकते आहे. तिला माझ्याकडे घेऊन या. तपासणीच्या कागदावर आईचं नाव 'वाहक' म्हणून लिहितात तेव्हा बायका फार कोसळतात, ते तिला कागदावरून कळू नये, समोर बसून कळावं.

एक शोधाशोध तुम्हाला घरी करावी लागेल. केसपेपरच्या तिसऱ्या पानावर त्या काखेतल्या गाठीचा तुकडा तपासणीला पाठवल्याची नोंद आहे. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये असे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं राहतात आणि त्यातून जनुक वाचता येतं. ताईकडे त्या लॅबची पावती असेल. सापडली तर तिच्यावरचा नंबर मला सोमवारच्या आत कळवा.